मनगटावरचा पहारेकरी

परदेशी नोकरीस असलेला मुलगा सुटीत येतो आणि आईच्या मनगटावर एक घड्याळ बांधून परत जातो, असे आता गोमंतकातील पुष्कळ घरांत घडू लागले आहे. आई पडली तर आपल्यास तत्काळ कळेल, असे त्यास वाटते. ॲपल कंपनीने ही सोय आपल्या घड्याळात २०१८ साली आणली. तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु हा पहारेकरी कोठवर पुरा पडतो, याचा विचार घरोघरी व्हावयास हवा.

घड्याळातील ॲक्सेलरोमीटर हा सूक्ष्म संवेदक हालचालीतील फरक मोजतो. कोसळताना क्षणभर वजन नाहीसे झाल्याचा भास, मग जमिनीचा आघात आणि मग निश्चलता, ही लक्षणे लागोपाठ आली म्हणजे माणूस पडला असे यंत्र समजते. सुमारे मिनिटभर हालचाल झाली नाही, तर ते स्वतःच मदतीसाठी फोन लावते. भिंतीला धरून सावकाश खाली घसरणारी आजी मात्र त्याच्या ध्यानातून सुटू शकते. शिवाय घड्याळ बहुधा रात्री विजेवर लावलेले असते, आणि म्हातारी माणसे अंधारात न्हाणीकडे निघतात ती नेमकी त्याच वेळी!

इंग्लंडातील केंब्रिज येथे नव्वदी ओलांडलेल्या व्यक्तींची वर्षभर पाहणी झाली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. पडलेल्यांपैकी ३० टक्के लोक तासभर वा अधिक काळ जमिनीवर पडून राहिले होते. मदतीची कळ जवळ असूनही बहुतेकांनी ती दाबली नाही. ‘कोणाक कित्याक त्रास दिवप?’ हे आमच्या घरांतले वाक्य तिकडेही असावे! आपण होऊन फोन लावणारे घड्याळ या भिडेवर चांगला इलाज आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि त्याचे हे काम पडल्यानंतरचे. पडू न देण्याचे उपाय निराळे आणि स्वस्त आहेत. तोल सांभाळण्याच्या व पायांत बळ आणणाऱ्या व्यायामाने वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटते, असे १०८ चाचण्यांच्या आढाव्यातून २०१९ साली दिसून आले. विद्यार्थ्यांनी एका रविवारी एवढे करावे: पायऱ्यांवरचे शेवाळ घासून काढावे, आजोबांच्या झिजलेल्या चपला बदलवाव्यात, न्हाणीच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवावा, आणि तेथे धरावयास दांडा बसविण्याचा वडिलांकडे हट्ट धरावा.

आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते. घड्याळ बांधताना आजीला कोणी विचारीत नाही. ती किती चालली, कोठे गेली, हे दूरच्या फोनवर दिसू शकते. ते कोणी पाहावे हे ठरविण्याचा अधिकार प्रथम तिचा. तिने नको म्हटले तर कारण ऐकून घ्यावे. पुष्कळदा ते साधेच असते: पट्टा रुततो, किंवा घड्याळ उगाच वाजू लागले तर थांबवावे कसे, हे तिला कोणी दाखविलेलेच नसते.