एका रात्रीची परवानगी हवी

आमच्या हॉस्टेलमध्ये रात्री दहाला लाइट्स आउट होतात आणि पहाटे साडेपाचला पीटीचा फॉल-इन असतो. या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पण वर्षातून एक रात्र तो बाजूला ठेवावा आणि ती रात्र आम्हाला समोर बसून संगीत ऐकायला मिळावी, असे माझे मत आहे. ते कसे तयार झाले, ते सांगतो.

मी रॉकचा चाहता आहे, हे आमच्या हाउसमध्ये सर्वांना माहीत आहे. हे वेड मामाकडून आले. कॉलेजात असताना तो मुंबईच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ ऐकायला जायचा. पुढे रंगभवन शांतता क्षेत्रात आले आणि तिथले असे कार्यक्रम बंद झाले. पण मामाच्या गप्पांत ते अजून चालूच आहेत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला पुण्यात एका बँडच्या कार्यक्रमाला नेले. तोपर्यंत मी रॉक फक्त इअरफोनवर ऐकले होते. तिथे ड्रमचा पहिला ठोका कानाआधी छातीत बसला. मध्येच गिटारची तार तुटली. नवी तार चढेपर्यंत ड्रमर एकटाच वाजवत राहिला आणि आम्ही सगळे टाळ्यांनी ठेका धरून उभे राहिलो. त्या दिवशीची गाणी मी आता विसरलो आहे, पण ती दोन-तीन मिनिटे आठवतात.

त्यामुळे एप्रिलच्या सुट्टीत बाबा म्हणाले, “चल, संकटमोचनला रात्रभर गाणे ऐकू,” तेव्हा मी फारसा खूश नव्हतो. बाबांचे पोस्टिंग सध्या वाराणसी छावणीत आहे. संकटमोचन हे तिथले हनुमानाचे मंदिर. हनुमान जयंतीनंतर तिथे काही रात्री संगीत समारोह असतो. तो 1923 साली सुरू झाला. तिकीट नाही, आणि कलाकार हजेरी लावतात ती सेवा म्हणून. 7 मार्च 2006 रोजी याच मंदिरात बॉम्बस्फोट झाला होता, तरी ही परंपरा तुटली नाही. हे सगळे बाबांनी रिक्षात सांगितले. मी मात्र मनात म्हणत होतो, म्हातारी माणसे असतील आणि मी दहा वाजता झोपेन.

म्हातारी माणसे होतीच. पण विद्यापीठातली मुले होती, दुकान बंद करून आलेले लोक होते, चादर पसरून झोपलेली लहान मुले होती. सगळे जमिनीवर. आवडले की टाळ्यांऐवजी “हर हर महादेव!” अशी आरोळी उठायची. आमच्या रॉकच्या गर्दीपेक्षा ती काही कमी जोरात नव्हती.

एक वाजता मला झोप आली, हे कबूल करतो. तीनच्या सुमारास तबल्याने जागा झालो. पुन्हा तोच अनुभव, ठोका छातीत. शेजारी पाहिले तर बाबा गुडघ्यावर बोटांनी सोळा मात्रा मोजत होते. मी विचारले, “तुम्हाला कसे येते?” ते म्हणाले, “भरती होण्याआधी चार वर्षे तबला शिकत होतो. मग सुटला.” मी सहावीपासून हॉस्टेलमध्ये आहे. वर्षातून जेमतेम दोन महिने आम्ही एकत्र असतो आणि बोलतो ते मार्कांबद्दल नाहीतर धावण्याच्या टायमिंगबद्दल. ही गोष्ट मला पंधरा वर्षांत माहीत नव्हती. नंतर त्यांनी सम कुठे येते ते दाखवले. चार-पाच वेळा चुकलो, मग एकदा दोघांचा हात बरोबर समेवर पडला.

उजाडायच्या आधी सतारीवर ललित सुरू झाला. ललित हा पहाटेचा राग. मैफली रात्री दहाला संपू लागल्या, तर असे राग वेळेवर समोर बसून कधी ऐकायचे? पुण्यात भीमसेन जोशींनी 1953 साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सवही पूर्वी रात्रभर चालायचा. आजी गोधडी घेऊन जायची. ध्वनिक्षेपकांवर वेळेचे बंधन आल्यावर त्या रात्री संपल्या. वाराणसीत त्या अजून आहेत.

आता आक्षेपांकडे वळतो. मित्र म्हणतात, मोबाइलवर सगळे मिळते. मिळते, आणि त्याचा उपयोगही आहे. 2020 साली करोनामुळे हा समारोह ऑनलाइन झाला, तेव्हा पंडित जसराज यांनी अमेरिकेतून हजेरी लावली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. पण तुटलेली तार आणि बाबांचे बोट मला मोबाइलवर मिळाले नसते.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. कॅम्पमध्ये आपण रात्रीच्या नेव्हिगेशनसाठी जागतोच. पाच-सहा तास न बोलता, न हलता दुसऱ्याचे ऐकणे हेसुद्धा प्रशिक्षणच आहे. मला ते ड्रिलपेक्षा अवघड गेले.

तिसरा नियमाचा. रात्री दहा ते सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, ती योग्यच आहे. पण 2000 सालच्या त्याच नियमांत बंद सभागृहाला सूट आहे आणि आपल्याकडे सभागृह आहे.

शेवटचा खर्चाचा. जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईत कोल्डप्ले आले, तेव्हा काही तिकिटांचे काळ्या बाजारातले भाव लाखांवर गेल्याच्या बातम्या आपण मेसमध्ये वाचल्या. तसे काही मी मागत नाही. प्राध्यापक किरण सेठ यांनी 1977 साली सुरू केलेली ‘स्पिक मॅके’ ही संस्था शाळा-कॉलेजांत मोठे कलाकार आणते आणि विद्यार्थ्यांना ते विनामूल्य ऐकता येतात. आपण त्यांना एक पत्र तर लिहू शकतो.

म्हणून माननीय प्राचार्यांना विनंती आहे की, पुढच्या सत्रात एका शनिवारी आम्हाला जागू द्यावे. रविवारी पीटी नसते, त्यामुळे एकही परेड बुडणार नाही. सुरुवातीला अर्धा तास आपल्या शाळेच्या बँडला रॉक वाजवू दिले, तर सीनियर हाउसही नक्की येईल. आणि जवळ राहणाऱ्या पालकांनाही बोलवावे. माझे बाबा वाराणसीहून येऊ शकणार नाहीत, पण कोणाचे तरी येतील.