भोर-वेल्ह्यात बाग करताय? आधी आठ कोरडे महिने मोजा

पुणे-सातारा महामार्गावरून चेलाडीला वळलं की वेल्हं, कापूरहोळला वळलं की भोर. दोन्ही रस्त्यांना प्लॉटच्या पाट्या इतक्या लागल्यात की डोंगर पाट्यांच्या फटीतून बघावा लागतो. पाटीवर हिरवंगार लॉन, कारंजं आणि नारळांची रांग. जागा बघायला लोक येतात ते बहुधा ऑगस्टात. तेव्हा सगळा डोंगरच हिरवा असतो, त्यामुळे पाटी खरी वाटते. तीच जागा एप्रिलात जाऊन बघा. गवत वाळून पिवळं पडलेलं, खाली उघडा मुरूम, ओढा ठणठणीत आणि वाऱ्यावर कुठून तरी धुराचा वास.

एक-दोन एकर नव्याने घेतलेल्यांना आणि वडिलोपार्जित माळ गावी पडून असलेल्यांना, दोघांनाही हे सांगणं आहे. बाग जरूर करा. मोठी करा, मोकळीढाकळी करा. पण ती इथल्या आठ कोरड्या महिन्यांच्या हिशेबाने करा. तिसऱ्या उन्हाळ्यानंतरही जी पाण्यासाठी तोंड वासून बसते, ती बाग या मातीतली नव्हे, एवढी एकच कसोटी लावा.

या भागात पाऊस कमी पडतो असं नाही. केळद, मढे घाटाच्या अंगाला पावसाळ्यात हजारो मिलिमीटर कोसळतो. पूर्वेला महामार्गाकडे त्याच्या निम्माही नाही. पण ऑक्टोबर सरला की दोन्हीकडची गत एकच. पातळ तांबडी माती, तिच्याखाली मुरूम, मुरुमाखाली काळा कातळ; पाणी साठणार कुठे? ते उतारावरून ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून धरणात जातं. भाटघर १९२८ साली पूर्ण झालं. नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी त्यानंतरची. भाटघरचं पाणी बारामती-फलटणकडे जातं, पानशेतचं पुण्याला. वरच्या वाड्या मात्र मे महिन्यात टँकरची वाट बघतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

म्हणून बोअर मारून लॉन भिजवण्याचा बेत असेल तर थांबा. कातळातलं पाणी भेगांतून फिरतं. तुमच्या बोअरला लागलेली भेग आणि खालच्या वाडीचा झरा एकच असू शकतो. मे महिन्यातलं हिरवं लॉन कुणाच्या हंड्यातलं पाणी पितं, हे एकदा स्वतःला विचारा. पाण्याविनाही बाग जगवता येते. इंग्लंडमध्ये बेथ चॅटो या बागकाम करणाऱ्या बाईंनी १९९१-९२च्या सुमारास गाड्या लावायच्या जुन्या जागेवर खडीची बाग केली आणि नंतर पाणी न घालता ती जगवली. जागेला सोसतील तीच झाडं लावायची, हा त्यांचा नियम होता. आपल्या डोंगराला तो आधीपासूनच ठाऊक आहे.

पहिल्या वर्षी एकच पथ्य पाळा. जेसीबी बोलावू नका. सपाटीकरणाच्या नावाखाली वरची वीतभर माती एका दिवसात खरवडून निघते आणि ती परत तयार व्हायला कित्येक पिढ्या जातात. त्यापेक्षा एक पावसाळा जागेत फिरा. पाणी कुठून शिरतं, कुठे थबकतं, कुठून माती घेऊन पळतं, ते बघा. चार-पाच ठिकाणी पहारीने खड्डे घेऊन माती किती खोल आहे ते पाहा. जे आपसूक उगवलंय त्याची वही करा. नावं कळत नसतील तर गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या. श्रीकांत इंगळहळीकरांचं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ आणि श्री. द. महाजनांचं ‘देशी वृक्ष’ ही दोन पुस्तकंही हाताशी ठेवा.

फिरताना करवंदाची जाळी दिसली की वाकून आत बघा. बाहेर काटे, आत सावली आणि पाल्याची मऊ गादी. त्या गादीत पुष्कळदा जांभळाचं नाहीतर अंजनीचं बोटभर रोप उभं असतं. बी पाखराने टाकलं, शेळीचं तोंड काट्यांमुळे आत पोचलं नाही, उन्हाची तिरीप जाळीने अडवली. काही वर्षांनी ते झाड जाळीच्या वर डोकं काढतं. माळाचं रान होतं ते असं. आपण हेच करायचं. जाळी साफ करायची नाही, तिच्या कडेला रोप लावायचं.

दुसरी फुकटची दौलत म्हणजे छाटलेले खुंट. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला इथे पिढ्यान् पिढ्या ऐन-किंजळाच्या फांद्या तोडतात. सततच्या तोडीने झाड कमरेएवढं गाठाळ खोड होऊन बसतं आणि नवा मालक ते मेलेलं समजून उपटतो. त्याची मुळं तुमच्या-माझ्याहून म्हातारी आणि खोल गेलेली असतात. दोन वर्षं त्याला कोयता लावू नका. धुमारे फुटतील. त्यातले सरळ, जोमदार एक-दोन ठेवा, बाकीचे काढा. कुठल्याही रोपवाटिकेतलं रोप या वाढीची बरोबरी करू शकणार नाही.

पुरी वाढलेली बाग कशी दिसते हे बघायचं असेल तर देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, बघा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. देवराईत रांग नसते, आळं नसतं, झाडून लख्ख केलेली जमीन नसते. मोठं झाड, त्याखाली मधलं, त्याखाली झुडूप, अंगावर वेल आणि पायाशी घोटाभर पाला. नसरापूरला नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेल्या बनेश्वराच्या देवळाभोवतीही गर्द झाडी आहे. भर उन्हात महामार्गावरून त्या सावलीत शिरून बघा, झाडी हवेत काय फरक करते ते अंगाला कळतं. बघा, शिका, पण देवराईतून रोप किंवा बी आणायचं तर आधी गावाला विचारा.

आता पाणी अडवायचं. सौम्य उतारावर सलग समतल चर काढा, उकरलेली माती खालच्या अंगाला टाका आणि त्या मातीच्या कडेने रोपं लावा. ओघळीत दगडांचे छोटे बांध घाला. जुनी भातखाचरं असतील तर त्यांचे बांध मोडू नका. तीव्र उतारावर मात्र चर नकोत, पायऱ्या तर नकोतच. आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ला माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. मुसळधार पावसाबरोबर उतारावरच्या सपाटीकरणाचीही तेव्हा चर्चा झाली. घाटाकडच्या पावसात खडा उतार गवत आणि झुडपांच्या हवाली केलेला बरा.

झाडं निवडताना आपली जागा पूर्वेला आहे की पश्चिमेला, हे आधी बघा. नसरापूर-भोरकडच्या मुरमाड माळाला पळस, बहावा, काटेसावर, पांगारा, आपटा, खैर, बोर, शिवण मानवतात. वेल्ह्याच्या पश्चिमेला ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, अंजनी, आंबा, फणस. ओढ्याकाठी उंबर, करंज, वाळुंज. मधल्या थराला धायटी, निर्गुडी, अडुळसा, मुरुडशेंग, कुडा. वर चढायला कुसर. कुंपणाला भिंत कशाला? चिल्हार, सागरगोटा, शेर, घायपात लावा, गुरं अडतात आणि पाखरांना घर होतं. मोगरा, पारिजात, जास्वंद, सोनचाफा यांची हौस घराजवळ भागवा, तिथे न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी त्यांना पुरेल. सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही भराभर वाढणारी मंडळी आणू नका. घाणेरी पावसाळ्यात, माती ओली असताना, फळ धरायच्या आत मुळासकट काढा. पण सगळी एकदम काढू नका, थोडी काढा आणि तिथे दुसरं काही लावा.

खड्डे एप्रिल-मेमध्ये घेऊन उन्हात तापू द्या. दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावणी करा आणि जुलैअखेर संपवा. रोप गुडघा ते कमरेएवढं पुरे. ट्रकमधून आलेलं दहा फुटी झाड पिशवीत मुळं गुंडाळून बसलेलं असतं, ते मुरुमात मुळं सोडायला कंटाळतं. रांगा आखू नका. तीन-पाच झाडांचे घोळके करा, मध्ये गवताला मोकळी जागा सोडा. बहावा, करंज, हिरड्याच्या बिया थेट टोकून बघा. पांगाऱ्याची तर फांदी खोचली तरी जगते. बुंध्याला न टेकवता भोवती वीतभर पाल्याचं आच्छादन घाला. वाळवी लागत असेल तर खड्ड्यात निंबोळी पेंड मिसळा.

पाणी रोज थोडं घालू नका, मुळं वरवर राहतात. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा, पण भरपूर. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, तिसऱ्यात महिन्याने, मग बंद. बारीक भोक पाडून वात लावलेलं मडकं रोपाशेजारी पुरलं तर थोड्या पाण्यात काम भागतं. या हिशेबाने उन्हाळ्यात पाणी देता येईल तितकीच झाडं दर पावसाळ्यात लावा. पाचशे लावून साडेचारशे मारण्यापेक्षा पन्नास लावून पन्नास जगवा.

लॉन नसेल तर उन्हाळ्यात बघायचं काय, असं पाहुणे विचारतील. त्यांना फेब्रुवारीत बोलवा. पळस, पांगारा, काटेसावर पानं झाडून फुलतात ते याच दिवसांत. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळाजर्द होतो, कुडा पांढरा होतो, करवंदं काळी पडतात. जून उजाडताना जांभळं. पाऊस स्थिरावला की तेरडा, पुढे सोनकी. गवत वाळलं म्हणजे बाग मेली असं नाही, इथल्या गवताचा तो धर्मच आहे.

त्या वाळल्या गवतात एकच खरा धोका आहे, वणवा. गवत चांगलं येतं या समजुतीने किंवा नुसत्या विडीच्या थोटकाने डोंगर पेटतो आणि तीन वर्षांची मेहनत तासाभरात जाते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत जागेच्या चहूबाजूंनी निदान दहा-बारा फुटांचा पट्टा गवत कापून मोकळा करा आणि मेपर्यंत तो तसाच राखा. कापलेलं गवत गावातल्या गुरंवाल्याला न्यायला सांगा. त्याला चारा मिळतो, तुमचा पट्टा फुकटात निघतो, आणि धूर दिसला की पहिला फोन तोच करतो.

गावाशी नातं असंच राखावं लागतं. गुरांची जुनी वाट, पाणंद, पाणवठा तुमच्या हद्दीत येत असेल तर तारेने बंद करू नका. झाड तोडण्याआधी तलाठ्याकडे, वनखात्याकडे चौकशी करा. हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस, मोह, खैर अशी झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी १९६४च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

बांधकामाचा नकाशा काढायच्या आधी या मेमध्ये दोन दिवस जागेवर राहा. सावली कुठे आहे, पाणी कुठे नाही, कोणतं झाड तरीही हिरवं आहे, ते लिहून घ्या. मग त्याच झाडाची दहा रोपं गावातल्याच एखाद्याकडून करून घ्या, त्याचे पैसे द्या आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये लावा. लॉनचा विचार सोडा, त्या पैशात पहिल्या तीन वर्षांचा राखणदार ठेवा. भोर-वेल्ह्यात बाग पाण्याने कमी आणि राखणीनेच जास्त जगते.