पत्र्याचें दार आणि जुनें कुलूप

खळें उरकून माल घरांत आला, कीं मगच आम्हां शेतकऱ्यांचें लक्ष कोठाराच्या दाराकडे जातें. वर्षभर धुळीनें व पावसानें गांजलेलें कुलूप नेमकें त्याच वेळीं अडतें, आणि बाजारांतून दुसरें आणून तें कसेंबसें ठोकून बसविलें जातें. आमच्या पुष्कळ वाचकांच्या कोठारांस व पंपघरांस आतां लांकडाऐवजीं पत्र्याचीं पोकळ दारें आहेत. म्हणून या किरकोळ वाटणाऱ्या कामाविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

लांकडांत स्क्रू इंचभर खोल शिरतो व लांकूड त्यास सर्व अंगांनीं धरतें. पोकळ दाराचें तसें नाहीं. दोन्ही बाजूंस पातळ पत्रा, मध्यें पुठ्ठ्याचें मोहळासारखें जाळें, आणि कित्येकदां तेंही नाहीं. १८ गेजाचा पत्रा सुमारें १.२ मिलिमीटर जाड, तर २० गेजाचा सुमारें ०.९, गेजाचा आंकडा वाढला कीं पत्रा पातळ होतो, हें उलट समजून फसलेले लोक आम्हीं पाहिले आहेत. ५ मिलिमीटर व्यासाच्या नेहमीच्या स्क्रूच्या दोन आट्यांत ०.८ मिलिमीटर अंतर असतें. म्हणजे अशा पत्र्यांत त्याचा एक-दीड वेढाच काय तो अडकतो! मग कुलूप कितीही भारी असो, पहारीच्या एका हिसक्यासरशीं तें पत्र्यासकट हातीं येतें. अर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ सालीं मुंबईंत कुलपें करण्यास आरंभ केला. चांगल्या कुलपांची वाण आपल्याकडे तेव्हांपासून नाहीं. वाण आहे ती तें नीट बसविणाऱ्याची.

परंतु कुलूप बदलण्यापूर्वीं दोष कुलपाचाच आहे काय, हें पाहावें. एके वर्षीं मृगाचा पाऊस पडून वाफसा आला असतां आमच्या बियाण्याच्या खोलीचें कुलूप अडलें. बियाणें आंत, तिफण व माणसें बाहेर, असा अर्धा दिवस गेला. आम्हीं रागानें नवें कुलूप बसविलें. आठ दिवसांत तेंही अडूं लागलें. तेव्हां कोठें ध्यानांत आलें, कीं वरची बिजागरी झिजून दाराची झडप खालीं बसली आहे व कुलपाची जीभ चौकटींतील खांचेच्या खालच्या कडेवर आपटते. बिजागरी बदलली, खांच कानशीनें थोडी घासली, आणि जुन्या कुलपांतील धूळ फुंकून ग्रॅफाइटची पूड घातली. तें पूर्ववत् चालूं लागलें. किल्लीच्या भोंकांत गोडें तेल ओतण्याची चाल आम्हांस पसंत नाहीं. तेलास धूळ चिकटते व कुलूप पुन्हां जाम होतें.

खरोखर बदलणेंच असेल तर जुनें कुलूप काढून दुकानांत सोबत न्यावें. झडपेच्या कडेपासून किल्लीच्या भोंकापर्यंतचें अंतर, झडपेची जाडी व कडेवरील पट्टीची लांबी-रुंदी हीं मापें जुळलीं पाहिजेत. न जुळल्यास नवीं भोंकें पाडावीं लागतात, आणि आधींच दुबळ्या पत्र्याची चाळण होते. किल्ली हरवली किंवा राखणदार बदलला, एवढेंच कारण असेल व कुलूप सिलिंडराचें असेल, तर नुसता सिलिंडर बदलून भागतें. खर्चही थोडा येतो.

कडी-कोयंडा बाहेरून लावणाऱ्यांनीं आरपार बोल्ट घ्यावेत व आंतल्या बाजूस ३ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी देऊन नट तिकडेच आवळावेत. दोन पत्र्यांमध्यें प्रत्येक बोल्टावर पोकळीच्या मापाचा नळीचा तुकडा घालावा. नाहींतर नट आवळतांच झडप डब्यासारखी चेपते. एवढा खटाटोप टाळण्यासाठीं वेल्डिंगवाल्यास बोलावणें सोपें खरें, पण जस्ताच्या पत्र्यावरील जस्त त्या जागीं जळून जातें व पहिला गंज तेथेंच धरतो. तो धूर नाकांत गेल्यास हींव भरून ताप येतो. शिवाय आंतील पुठ्ठा पेट घेण्याची भीति असते, आणि कोठारांत कडबा असतां हें काम करूं देणाऱ्याच्या धाडसाचें आम्हांस नवल वाटतें.

आमच्या बियाण्याच्या खोलीस आज जुनेंच कुलूप आहे. रागाच्या भरांत आणलेलें नवें फडताळांत पडून आहे. त्याच्यासाठीं पाडलेलीं दोन जादा भोंकें मात्र पट्टी मारून बुजवावीं लागलीं.