‘माह्यं काय चुकलं वं बाई?’

आमचं बाळापूर मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या काठावर वसलेलं. पावसाळ्यात दोन्ही नद्या भरून आल्या की किल्ल्याच्या भोवती पाणी होतं आणि ते बघायला माणसं गर्दी करतात. काठच्या वस्तीतल्या बाईला मात्र ती मौज बघायला सवड नसते. गव्हाची कोठी उंचावर चढवायची, अंथरुणं खाटेवर रचायची, म्हातारीला शेजारी नेऊन बसवायचं, अशी तिची धांदल उडालेली असते. आणि पाणी ओसरल्यावर घरातला चिखल काढता काढता एखादी तरी विचारतेच, ‘माह्यं काय चुकलं वं बाई?’

मैत्रिणींनो, पूर नदीला येतो आणि चूक बाई स्वतःची शोधते. हे तिला कोणी शिकवलं? आपणच शिकवलं. गारपिटीने हरभरा झोपला की नव्या सुनेला पांढऱ्या पायाची म्हणायचं. वीज पडून घरधनी गेला, तर बाईचं नशीब खोटं म्हणायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेतच गेली. तेव्हाही पाप वाढलं म्हणून धरणी हलली असं बोलणारे निघालेच. दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदाचं ओझं यांनी माणसं मारली, हे सांगणाऱ्याचं ऐकायला वेळ लागतो. दोष द्यायला वेळ लागत नाही.

मी ख्रिस्ती आहे. संकटात माणसाने कशाच्या आधाराने उभं राहावं याचा विचार करताना मला शुभवर्तमानातली एक छोटी गोष्ट फार मोलाची वाटते. यरुशलेमजवळ शिलोहात एक बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशूने लोकांनाच विचारलं की, मेलेले ते लोक गावातल्या इतरांपेक्षा जास्त पापी होते, असं तुम्हाला वाटतं का? आणि उत्तरही त्यानेच दिलं, की नाही. मग त्याने ऐकणाऱ्यांना बजावलं की तुम्ही आपापलं मन तपासा. मेलेल्यांच्या पापाचा हिशोब मांडत बसायची सोयच त्याने ठेवली नाही.

आता कोणी म्हणेल, मग देवावर विश्वास ठेवून फायदा काय? पुरातून, भूकंपातून तो वाचवतो का? याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली ती नाताळच्या दुसऱ्याच दिवशी. तमिळनाडूत वेलंकणीला मारियामातेच्या दर्शनाला आलेले कितीतरी भाविक समुद्रकिनाऱ्यावरून वाहून गेले. ते प्रार्थनेलाच आले होते! तेव्हा श्रद्धा म्हणजे विम्याची पॉलिसी नव्हे, हे आधी मान्य करावं. क्रुसावर खुद्द येशूनेही देवाला ‘का’ म्हणून विचारलं, आणि त्या घडीला त्याला उत्तर मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी तो उठला, या विश्वासावर आमची सगळी आशा उभी आहे. ‘का’चं उत्तर मिळालं नाही तरी शेवटचा शब्द मरणाचा नाही, एवढंच ती आशा सांगते.

ही आशा रोजच्या जगण्यात कशी दिसते? मला ती पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. रमाबाई विदुषी होत्या, हे आपण शाळेत वाचतो. पण त्या दुष्काळातून जगून निघालेली मुलगी होत्या, हे आपण विसरतो. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. तीर्थयात्रा, दानधर्म, अनुष्ठानं यांत घरचं होतं नव्हतं ते संपलेलं. काही महिन्यांच्या अंतराने वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, आई लक्ष्मीबाई गेल्या, थोरली बहीणही गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. रानातला पाला खाऊन त्यांनी दिवस काढले. पुढे रमाबाईंनी लिहून ठेवलं आहे की, शास्त्रं येत होती, पण हाताला कुठलं काम येत नव्हतं, आणि भीक मागायची किंवा मजुरी करायची कुळाची लाज आड येत होती.

पुढे भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८२ मध्ये पतीही कॉलऱ्याने गेले. कडेवर लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इतकं सोसलेल्या बाईने कोपऱ्यात बसून जप केला असता तरी कोणी नावं ठेवली नसती. पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावात ‘मुक्ती’ उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आणि तिथे त्यांनी काय केलं? प्रार्थना तर होतीच. पण शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना ही सगळी कामं त्या मुलींच्या हाती दिली. अंध मुलींना ब्रेल शिकवली. हाताला काम येत नाही म्हणून जी स्वतः उपाशी राहिली होती, तिने एकाही मुलीला रिकाम्या हाताची ठेवलं नाही. दुष्काळ का पडला, याचं उत्तर त्यांना मिळालं की नाही कोण जाणे. आपल्या वाट्याला आलेला दुष्काळ पुढच्या मुलीच्या वाट्याला येऊ नये, याची तजवीज मात्र त्यांनी केली.

देवाची मर्जी म्हणून त्या गप्पही बसल्या नाहीत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे जे हाल झाले, त्यावर त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून सरकारला जाब विचारला. आशा धरणारी बाई मुकाट सोसणारी असते, असा आपला समज असेल तर तो सोडून द्यावा.

रमाबाईंवर धर्मांतराचा आक्षेप तेव्हाही होता. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं, हेही खरं आहे. त्या वादात इथे शिरत नाही, पण माझं मत स्पष्ट सांगते. एका हातात भाकर आणि दुसऱ्या हातात अट घेऊन पूरग्रस्तांच्या दारात कोणीच जाऊ नये. ख्रिस्ती माणसाने नाही, आणि दुसऱ्यानेही नाही. भुकेल्याकडून होकार घेणं म्हणजे सांत्वन नव्हे. माळीणची दरड कोसळली (२०१४), सांगली-कोल्हापूरला पूर आला (२०१९), इर्शाळवाडीवर डोंगर आला (२०२३), तेव्हा मदतीच्या गाड्या कुठल्या धर्माच्या, हे कोणी विचारलं नाही. हेच खरं.

मग आपण काय करावं? बायबलात ईयोब नावाचा एक माणूस आहे. त्याची गुरंढोरं, मुलंबाळं, सगळं एका फटक्यात गेलं. त्याचे मित्र आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तेवढं त्यांचं बरोबर होतं. बोलायला तोंड उघडलं आणि ‘तुझंच काही चुकलं असेल’ म्हणाले, तिथे बिघडलं. येशूसुद्धा लाजराच्या बहिणीला रडताना पाहून तिच्यासोबत रडला.

तेव्हा मैत्रिणींनो, संकटात सापडलेल्या बाईकडे जाल तेव्हा आधी जवळ बसा. चिखल काढायला एक हात लावा. कोरडं पातळ, चार भाकरी, आणि तिने लाजेने मागितले नाहीत तरी पाळीचे पॅड न्या. पंचनाम्यात तिचं नाव लागलं का ते बघा. रेशनकार्ड, बँकेचं पासबुक भिजलं असेल तर तहसीलमध्ये तिच्यासोबत खेपा घाला. बचत गटाचा तिचा हप्ता दोन महिने थांबवता येईल का, हे बैठकीत तुम्हीच विचारा, तिला विचारायला लावू नका.

आणि ‘माह्यं काय चुकलं?’ असं तिने विचारलं, तर ठाम सांगा, ‘तुझं काही चुकलं नाही.’ आभाळ फाटलं की ठिगळ कुठे कुठे लावायचं, असं आपण म्हणतो. सगळं आभाळ आपल्याला शिवता येणार नाही, पण शेजारणीच्या डोक्यावरचं तेवढं तरी शिवू या. माझ्या श्रद्धेत आशा म्हणतात ती यालाच. तुमच्यात तिला दुसरं नाव असेल, तर त्या नावाने करा.