थाइमवरची धूळ

भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात थाइमची कुंडी आहे. सुनेनं पिझ्झासाठी लावली. मी काड्या चहात टाकते. पान चुरगळलं की थेट ओव्याचा वास, कारण थायमॉल दोघांतही आहे. इतक्या उग्र झाडाला कोण तोंड लावणार, असा माझा समज होता.

मे महिन्यात पानं फिकी पडली. सुईच्या टोकानं हिरवा रंग टिपून घ्यावा तसे बारीक ठिपके. मला वाटलं, धूळ. इथल्या कारखान्यांच्या रस्त्यांवर तिला काय तोटा! शेजारच्या काकू म्हणाल्या, "उन्हानं वाळतंय हो, पाणी वाढवा." वाढवलं. थाइमला ओली माती मानवत नाही, हे नंतर कळलं.

शेवटी पांढऱ्या कागदावर फांदी झटकली. धूळ चालू लागली! लाल कोळी. हा कीटक नव्हे, आठ पायांचा, कोळ्याच्या कुळातला. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी तयार. थाइमचं पान इवलंसं, कडा खाली मुडपलेल्या. लपायला आयतं घर. वर धुळीचं पांघरूण, तेही त्याच्याच सोयीचं.

रोपवाल्यानं कीटकनाशकाची बाटली पुढे केली, "एक बार मारो, सब साफ." माझा हात पुढे होईना. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधली ती रात्र भोपाळला कशी विसरता येईल? युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात सेविन नावाचं कीटकनाशक बनायचं. त्यासाठी लागणारा मिथाइल आयसोसायनेट वायू त्या रात्री गळला. सेविन म्हणजे कार्बारिल, भारतात २०१८ साली बंदी आलेलं. गंमत म्हणावी की काय म्हणावं, हे कार्बारिल लाल कोळ्याला फारसं मारतच नाही. त्याला खाणारे ढालकिडे आणि भक्षक कोळी मात्र मरतात, आणि फवारणीनंतर हा उलट फोफावतो.

मग मी बाटलीचा नाद सोडला. जाळी धरलेल्या फांद्या छाटून पिशवीत बांधल्या. कुंडी आडवी धरून नळाच्या जोरदार धारेनं पानांची खालची बाजू धुतली, एक दिवसाआड तीनदा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. अंडी मागे उरतात, म्हणून दर आठवड्याला पुन्हा. तोवर चहा आल्याचा.

कोवळ्या शेंड्यांवर मावाही सापडला, मुंग्यांच्या रांगेनंच दाखवून दिला. तो बोटांनी चिरडला. पिठ्या ढेकणाला स्पिरिटचा बोळा पुरला.

पावसाळ्यात कोळी ओसरले, कुंडी पागोळ्यांपासून आत सरकवली. नवी पालवी दोन-तीनदा धुऊन पहिला चहा काकूंना दिला. घोट घेऊन म्हणाल्या, "छान आहे. ओवा जरा जास्त पडलाय."