आधी समुद्र वाचा, मग रेघ मारा

सोलापूर जिल्ह्यातल्या मंद्रूपहून समुद्र लांब आहे. पण कागदावर मारलेली अभयारण्याची रेघ माणसांचे काय करते, हे सोलापूर जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर-नगरचे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्यात गेले. गावे, शेते, सारेच त्यात आले. जमिनीचे व्यवहार अडले, रोष पक्ष्यावर निघाला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२३ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. याच अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर माळढोकाचे दर्शन आज दुर्मीळ आहे.

कोकण किनाऱ्यावरच्या मालवणची रेघही अशीच सरकारी. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची प्रवाळे राखण्यासाठी १९८७ मध्ये तेथे सागरी अभयारण्य झाले, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, गाभा अवघा ३.१८. मच्छीमारांनी तेव्हापासून विरोध केला. एवढ्याशा तुकड्यात माशांचे काय भले होणार?

या प्रश्नाला संशोधनाने उत्तर दिले आहे. ग्रॅहम एडगर आणि सहकाऱ्यांनी जगभरातील ८७ सागरी संरक्षित क्षेत्रे तपासून २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष मांडले. मासेमारीला पूर्ण बंदी, कडक अंमल, दहा वर्षांहून जास्त वय, १०० चौरस किलोमीटरहून मोठा विस्तार आणि भोवती खोल पाणी किंवा वाळू, या पाचांपैकी एक-दोनच गोष्टी जिथे होत्या, तिथला समुद्र खुल्या समुद्राहून वेगळा आढळला नाही. अशी क्षेत्रे निम्म्याहून अधिक होती. मालवणकडे वय आहे, विस्तार नाही.

शिवाय समुद्रातले जीव एका जागी राहत नाहीत. माशांची अंडी-पिले प्रवाहाबरोबर दूर जातात. ओडिशात २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. म्हणून एकच मोठे कुंपण पुरत नाही. प्रजननाच्या जागा, प्रवाहांच्या वाटा आणि दोन क्षेत्रांमधले अंतर मोजूनच आखणी करावी लागते.

ही माहिती शास्त्रज्ञांइतकीच रापणकरांकडे, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांकडे आहे. कोणत्या महिन्यात कोणता मासा कुठल्या खडकाशी येतो, हे त्यांना ठाऊक असते. पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध सिंधुदुर्गात लढले तेही हेच पारंपरिक मच्छीमार. त्यांना अभयारण्याचे शत्रू समजणे ही मोठी चूक ठरली.

२०३० पर्यंत ३० टक्के समुद्र राखण्याचे जागतिक उद्दिष्ट २०२२ मध्ये माँट्रियल येथील जैवविविधता परिषदेत भारतानेही स्वीकारले. आकडा गाठण्याच्या घाईत नव्या रेघा मारण्याआधी सरकारने मालवणच्या सीमेच्या फेरतपासणीसाठी समिती नेमावी, आणि त्या समितीत रापणकरांना बरोबरीची जागा द्यावी.