चेटकिणीची गंमत कुणाच्या जिवावर?

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यावरचा लेख वाचला. त्यातल्या चिंची चेटकिणीचं कौतुक केलंत, ठीक. पण चेटकीण म्हणजे निव्वळ गंमत, तिच्यात बाईबद्दलचा दृष्टिकोन शोधत बसू नये, असंही लेखकाने बजावलं आहे. ते वाचून राग आला, म्हणून हे पत्र.

रत्नाकर मतकरींच्या या नाटकात अक्कल, हिंमत, जादू, विनोद सगळं ज्या बाईकडे आहे ती दुष्ट. राजकन्या आहे, ती संकटात पडते आणि तिला सोडवतो अलबत्या. बरं, चेटकिणीची एवढी जबरदस्त भूमिका तरी बाईच्या वाट्याला यावी? आधी दिलीप प्रभावळकरांनी ती गाजवली, 2018 मध्ये नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले यांनी. दोघेही मोठे नट, त्यांच्या अभिनयाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बाईच्या हाती ताकद आली की ती चेटकीण होते आणि तिला हरवल्याशिवाय गोष्ट संपत नाही, हे पोरांच्या मनात टाळ्यांच्या गजरात उतरतं आहे.

मुंबई-पुण्याला ही गंमत वाटत असेल. आमच्या दोंडाईच्याहून रेल्वेने पुढे गेलं की नंदुरबार, त्याच्या वर अक्कलकुवा, धडगाव, सातपुडा. तिथे बाईला डाकीण, म्हणजे चेटकीण, ठरवतात. कुणाचं पोर आजारी पडलं, कुणाचं जनावर दगावलं, की बोट एखाद्या एकट्या बाईकडे जातं. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी जीव घेणं. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तरी अशा बातम्या येतच राहतात, तुमच्याच वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत छापून येतात. आणि चिंचीला पुरवणीचं अख्खं पान!

नाटक पाहून कुणी बाईला मारायला जात नाही, असं उत्तर येईल. मला ते पटत नाही. डाकीण असते हे पोराला कुणीतरी आधी सांगितलेलं असतं. आजीने सांगितलं काय, रंगमंचावरून सांगितलं काय, ऐकणारं पोर तेच.

मतकरींबद्दल मला आदर आहे. नर्मदा आंदोलनाच्या बाजूने ते उघडपणे उभे राहिले, म्हणजे धरणामुळे विस्थापित होणाऱ्या याच सातपुड्यातल्या माणसांच्या बाजूने. म्हणून तर जास्त वाईट वाटतं. पुरुष लेखकाला दुसरं काही सुचूच शकत नाही असंही नाही. जी. ए. कुलकर्णींनी ‘मुग्धाची रंगीत गोष्ट’ लिहिली, तिच्या मध्यभागी एक मुलगी आहे. अमेरिकेत एल. फ्रँक बॉम यांनी 1900 साली ओझच्या गोष्टीत डोरोथी नावाच्या मुलीला प्रवासाला धाडलं आणि चांगल्या चेटकिणीही निर्माण केल्या. त्यांच्या सासूबाई मटिल्डा गेज स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या होत्या आणि चेटकीण ठरवून मारलेल्या बायकांबद्दल त्यांनी लिहिलं होतं. घरातल्या बाईचं ऐकलं की लेखणी बदलते. आमच्या खानदेशात तर नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते, रात्रभर तिची गाणी होतात. सामर्थ्यवान बाई आम्हाला चालते, पुजतो आम्ही तिला. लेखकांनाच ती का चालू नये?

शाळांच्या स्नेहसंमेलनांचंही तेच. मुलगा राजपुत्र, मुलगा राक्षस, चेटकीणही मुलगाच, कारण तो जास्त हसवतो. मुलींच्या वाट्याला परी आणि फुलं. वीस मुली पंख लावून मागे रांगेत उभ्या. चांगलं खणखणीत बोलणाऱ्या मुली असतात त्यांत, पण त्यांना एक वाक्य मिळत नाही. मराठी शिकवताना हे मी दरवर्षी पाहत आले आणि दरवर्षी भांडले.

तेव्हा निर्मात्यांनी निदान पुढच्या प्रयोगांत चिंचीची भूमिका एखाद्या अभिनेत्रीला द्यावी. बालनाट्य लिहिणाऱ्यांनी मुलगी नायिका असलेली, तिला कुणी सोडवायला येणार नाही अशी संहिता लिहावी. आणि आपण, संपादक महोदय, डाकीण प्रथेवर सातपुड्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना याच पुरवणीत पानभर जागा द्यावी.

— एक निवृत्त शिक्षिका, दोंडाईचा (जि. धुळे)